मॅग्नेशियमची जुनी चाके : झळाळी आणि जोपासना

माणसांप्रमाणे धातूंनाही आपापला स्वभाव असतो, आणि ज्याला धातूबरोबर नांदावयाचे आहे त्याने तो स्वभाव आधी ओळखून घ्यावा लागतो. भंडारा-गोंदियाकडील गृहिणीला ही गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक आहे. भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचा लौकिक जुना आहे. आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा निघाला, तरी घराघरांतील फडताळांची काही वाटणी झाली नाही. पितळेचा हंडा किंवा तांब्याचे गंगाळ काळवंडले म्हणजे ती चिंचेचा कोळ व मीठ चोळते आणि क्षणार्धात भांडे उजळून निघते. लोखंडी तवा मात्र ती चिंचेने घासत नाही. तेलाचे बोट फिरवून तो कोरड्या जागी उपडा घालते. कल्हईच्या पातेल्याला ती खरवडत नाही, कारण कल्हईचा थर किती पातळ असतो हे ती जाणून असते. एका फडताळात तीन धातू, आणि तिघांची तीन पथ्ये! ही पथ्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेली आहेत. परंतु ज्या धातूचा अनुभव घरात कोणालाच नाही, तो धातू दारी आला म्हणजे काय करावे? अशा वेळी जुन्या सवयीने हात चिंचेकडे जातो, आणि तेथेच घात होतो.

मॅग्नेशियम हा असाच एक नवखा धातू आहे. त्याची ओतीव चाके दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतीच्या मोटारींना बसू लागली. अमेरिकेत हॅलिब्रँड, इंग्लंडात मिनिलाइट व इटलीत कँपॅन्योलो या नावांची चाके विशेष गाजली. १९५० ते १९७० या दोन दशकांत शर्यतीच्या आणि उंची शौकाच्या मोटारींवर ती मानाने मिरवली. आज ती चाके जुन्या मोटारींच्या शौकिनांकडे जपून ठेवलेली आढळतात. ती उजळावी कशी, उजळल्यावर राखावी कशी, आणि मुळात ती उजळावी की नाही, हा या लेखाचा विषय आहे.

गोंदियाच्या रस्त्यांवर अशी चाके रोज दृष्टीस पडत नाहीत हे खरे. पण या धातूचा परिसराशी संबंधच नाही असे मात्र नव्हे. गोंदियाजवळ बिरसी येथील विमानांची धावपट्टी इंग्रज सरकारने १९४० मध्ये युद्धाच्या कामासाठी बांधली. त्या युद्धातील विमानांच्या चाकांत आणि इंजिनांच्या कवचांत मॅग्नेशियमचे मिश्रधातू वापरण्याची पद्धत सर्रास होती. मोटारींच्या चाकांना ही विद्या विमानांकडूनच मिळाली. पुढे बिरसीस वैमानिकांच्या शिक्षणाची सोय झाली, आणि विमानाच्या भागांची निगा हा विषय तेथे नित्याचा झाला. मोटारीच्या जुन्या चाकाची निगा ही त्याच विद्येची धाकटी बहीण होय.

येथे एका नामसाधर्म्याचा उलगडा करणे अवश्य आहे. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे ज्या खाणी आहेत त्या मँगनीजच्या. मँगनीज आणि मॅग्नेशियम ही दोन्ही नावे ग्रीस देशातील थेसली प्रांताच्या मॅग्नेशिया या भागावरून पडली. तरी धातू अगदी भिन्न. मँगनीज जड, ठिसूळ व पोलादाला कणखर करणारा. मॅग्नेशियम हलका व चंदेरी. हा घोटाळा इतका जुना आहे की, हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०८ मध्ये विजेच्या साह्याने हा हलका धातू प्रथम वेगळा केला, तेव्हा मॅग्नेशियम हे नाव मँगनीजकरिता आधीच वापरात असल्यामुळे त्याला ‘मॅग्नियम’ हे निराळे नाव सुचवावे लागले. मौज अशी की, हे दोन नामबंधू चाकाच्या मुशीत पुन्हा एकत्र येतात. त्यासंबंधी पुढे सांगितले आहे.

चाकासाठी एवढा नाजूक धातू का निवडला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर वजनात आहे. पाण्याच्या तुलनेत लोखंड सुमारे ७.८७ पट जड, ॲल्युमिनियम २.७० पट जड, आणि मॅग्नेशियम केवळ १.७४ पट जड असते. म्हणजे एकाच आकाराचे दोन तुकडे घेतले तर लोखंडाचा तुकडा मॅग्नेशियमच्या साडेचार पट भरेल. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाक मात्र स्प्रिंगांच्या खाली राहून रस्त्याचा प्रत्येक खड्डा स्वतः सोसते. जड चाक खड्ड्यातून उसळले की ते लवकर खाली येत नाही, आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरील पकड सुटते. हलके चाक रस्ता सोडत नाही. शिवाय चाक फिरते ठेवण्यास व थांबविण्यास जो जोर लागतो, तोही हलक्या चाकाला कमी पुरतो. शर्यतीत क्षणाक्षणाचा हिशेब असतो, म्हणून कारागिरांनी या धातूचे लाड पुरविले.

शुद्ध मॅग्नेशियम मऊ असते. म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. नेहमीच्या एका ओतीव मिश्रधातूत शेकडा सुमारे ९ भाग ॲल्युमिनियम व १ भाग जस्त असते, आणि त्यांच्याबरोबर चिमूटभर मँगनीज. या चिमटीचे काम मोठे आहे. मॅग्नेशियममध्ये लोखंडाचा अंश राहिला तर ते आतून खाल्ले जाते. मँगनीज त्या लोखंडाला गाठून बांधून टाकते व त्याची खोड मोडते. १९८० नंतरच्या दशकात जी अधिक शुद्ध मिश्रणे प्रचारात आली, त्यांत लोखंडाचे प्रमाण लाखात ५ भागांच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. जुनी चाके ओतली गेली तेव्हा एवढा कडक दंडक नव्हता. सबब जुने चाक नव्या चाकापेक्षा अधिक पथ्याचे, हे ध्यानात धरावे.

आता या धातूच्या दुखण्याचे मूळ पाहू. टॉर्चमध्ये घालावयाचा साधा सेल सर्वांच्या परिचयाचा आहे. बाहेर जस्ताची डबी, मध्ये कोळशाची कांडी, आणि दोहोंमध्ये ओलसर लगदा. या लगद्यातच मँगनीजची काळी भुकटी असते. जस्त हळूहळू झिजते व त्या झिजेतून वीज निघते. सेल फार दिवस पडून राहिला तर डबीला भोके पडून पाणी गळू लागते, ते याच कारणाने. दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यामध्ये ओलावा आला, की त्यांचा असाच सेल बनतो, आणि त्यांतील जो अधिक चंचल तो खाल्ला जातो. यंत्रांच्या बांधणीत वापरल्या जाणाऱ्या सर्व धातूंत मॅग्नेशियम सर्वांत चंचल आहे. त्याच्या शेजारी लोखंड असो, पितळ असो की शिसे असो, झीज सोसावयाची ती मॅग्नेशियमने. या गुणाचा मनुष्याने उपयोगही करून घेतला आहे. पाणी तापविण्याच्या बंबांत व जमिनीखालील नळांजवळ मॅग्नेशियमच्या कांड्या मुद्दाम बसवितात. त्या स्वतः झिजतात आणि लोखंडाला वाचवितात. बंबात जे इष्ट, तेच चाकात अनिष्ट. भिजलेले चाक आणि त्यातील लोखंडी बोल्ट मिळून जो सेल होतो, त्याने दिवा काही पेटत नाही. चाक मात्र जळून जाते.

दुसरे कारण धातूच्या कवचाचे. ॲल्युमिनियमवर हवेतील प्राणवायूचा जो थर बसतो, तो घट्ट व अखंड असून आतील धातूचे रक्षण करतो. मॅग्नेशियमवर बसणारा थर खालच्या धातूला पुरेसा झाकीत नाही; आखूड पांघरुणासारखा तो कोठे ना कोठे उघडा पडतो. दमट हवेत त्या उघड्या जागी पांढरी भुकटी धरते, आणि मिठाचा अंश मिळाला तर तेथे खड्डे पडतात. मीठ म्हणजे केवळ स्वयंपाकघरातले नव्हे. हाताच्या घामात मीठ असते, आणि शेतीच्या पोटॅश खतातही तोच क्षारांचा गुण असतो. खताची पोती ज्या खोलीत रचली आहेत त्या खोलीत असे चाक ठेवणे म्हणजे दुधाजवळ विरजण ठेवणे होय. नवेगावबांधासारख्या तलावांचा आणि भातखाचरांचा हा मुलूख. येथे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, आणि हिवाळ्याच्या पहाटेही दव पडून थंड धातूवर पाणी साचते. म्हणून कोरड्या प्रदेशात चाकाला जी काळजी पुरेल ती येथे पुरणार नाही.

तिसरी गोष्ट आंबटाची. पितळेवरील डाग चिंचेने जातो, कारण चिंचेतील अम्ल डागाला विरघळविते आणि खालच्या पितळेला फारसे दुखवीत नाही. मॅग्नेशियमला हेच अम्ल विषासमान आहे. चिंच, लिंबू किंवा ताक लागताच त्यावर बुडबुडे उठतात; ते हायड्रोजन वायूचे असतात, आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर धातूचा कण निघून जातो. त्यात मीठ मिसळले असेल तर मग पाहावयासच नको. उलटपक्षी खार या धातूला मानवतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी त्याला अपाय करीत नाही. कारखान्यांत तर त्याचा तेलकटपणा व जुना रंग कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात घालवितात. ॲल्युमिनियमचा स्वभाव याच्या नेमका उलट; त्याला खार खातो. दोन्ही धातू दिसण्यात सारखे असल्याने चाक कोणत्या धातूचे हे ठरविल्यावाचून कोणताही उपचार सुरू करू नये.

ती परीक्षा अवघड नाही. प्रथम वजन पाहावे. मॅग्नेशियमचे चाक उचलताना हाताला चकवा बसतो. मग चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूस नखाएवढी जागा खरवडून धातू उघडा करावा आणि तेथे लिंबाच्या रसाचा एकच थेंब टाकावा. थेंब फसफसला व जागा काळसर झाली तर मॅग्नेशियम. स्वस्थ राहिला तर बहुधा ॲल्युमिनियम. परीक्षा होताच ती जागा स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी करून तिच्यावर मेण लावावे.

यानंतर धुण्याचा विधी. टायर, ट्यूब, लोखंडी पट्टीने अडकविलेली शिशाची वजने आणि हवा भरण्याचा पितळी व्हॉल्व्ह ही सर्व सोडवून घ्यावी, कारण दुखणे बहुधा त्यांच्याच खाली दडलेले असते. सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ केसांचा कुंचला एवढे साहित्य पुरे. ब्रेकची काळी पूड व रस्त्याचा चिखल निघेपर्यंत धुवावे, भरपूर स्वच्छ पाण्याने साबण काढावा, आणि लगेच सुती फडक्याने टिपून खाचाखोचांतील पाणी हवेच्या झोताने उडवावे. उन्हात टाकून आपोआप वाळू देणे ही सोय वाटते; परंतु पाण्याचा शेवटचा थेंब ज्या खोबणीत राहतो तेथेच खड्डा पडतो. बाजारात चाके उजळण्याची जी तीव्र द्रव्ये मिळतात त्यांपैकी पुष्कळांत अम्ले असतात. ती या चाकाला लावू नयेत. त्यांतील काही अम्ले मनुष्याच्या कातडीतून आत शिरून जीवावर बेततात, हे दुसरे आणि अधिक मोठे कारण.

घासण्याच्या बाबतीतही जुनी सवय आवरावी लागते. भाताच्या गिरण्यांचा हा जिल्हा असल्याने तुसाची राख येथे मुबलक. भांडी घासण्यास ती चांगली. पण त्या राखेचा मोठा भाग वाळूच्याच जातीचा असतो, आणि मऊ धातूवर ती ओरखडे काढते. ओरखड्यात ओल टिकते. लोखंडी तारेचा घासणा तर वर्ज्यच. त्याचे बारीक कण मॅग्नेशियममध्ये रुतून बसतात, आणि प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला सेल होतो. हीच गोष्ट लोखंडी छऱ्यांच्या माऱ्याची. जुना रंग काढण्याकरिता मारा करावाच लागला तर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांचा, हलक्या हाताने, आणि पूर्वी लोखंडावर न वापरलेल्या साहित्यानेच करावा.

रंग निघून धातू उघडा झाला की चाकाची खरी प्रकृती दिसते, आणि येथे थांबून विचार करावयाचा असतो. पांढरी भुकटी वरवर असेल तर ती नायलॉनच्या घासण्याने काढून टाकावी. खड्डे खोल असतील, विशेषतः आरा जेथे मध्याला किंवा कडेला मिळतो तेथे, तर ते चाक धावण्याच्या कामाचे राहिले आहे की नाही हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधण्याची एक रीत आहे. स्वच्छ केलेल्या चाकावर पातळ रंगीत द्रव लावतात. तो चिरेत झिरपतो. वरचा द्रव पुसून पांढरी भुकटी फवारली की चिरेतील रंग बाहेर येऊन तिची रेघ उमटते. विमानांच्या भागांची तपासणी याच रीतीने करतात. पन्नास-साठ वर्षे धावलेल्या चाकाने लाखो हिसके सोसलेले असतात. चकचकीत चाकात चीर असू शकते, आणि मळकट चाक ठणठणीत असू शकते. झळाळीवरून बळाची पारख होत नाही. चीर सापडली तर कडेच्या दुकानात ती सांधून घेऊन चाक पुन्हा रस्त्यावर आणू नये. भिंतीवर टांगून त्याचा मान राखावा. शोभेच्या चाकाला चीर चालते; ज्यावर माणसे बसावयाची त्या चाकाला ती चालत नाही.

मग प्रश्न येतो तो उजाळ्याचा. येथे एक ऐतिहासिक सत्य सांगितले पाहिजे. शर्यतीची पुष्कळशी चाके कारखान्यातून आरशासारखी उजळून निघतच नसत. त्यांना क्रोमियमच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून सोनेरी-तपकिरी छटेचे रासायनिक कवच दिले जाई, आणि त्यावर बहुधा रंग. ते मूळ कवच शाबूत असेल तर ते उजाळ्याच्या हौसेने खरवडून टाकणे म्हणजे जुन्या पोथीची पिवळी पाने पांढरी करण्यासारखे आहे. धातूही जातो आणि इतिहासही जातो. हे कवच नव्याने चढविण्याची क्रिया मात्र घरी करू नये. त्यातील क्रोमियमचे क्षार अत्यंत विषारी असून कर्करोगाला कारण होतात. ते काम रीतसर कारखान्याचे.

ज्या चाकाचे मूळ कवच गेलेच आहे आणि मालकाला झळाळी हवीच आहे, त्याने ती हाताने आणावी. बारीक, मग अधिक बारीक, असे पाण्यात चालणारे काचकागद क्रमाने वापरावे. शेवटी अम्लरहित पॉलिश मऊ सुती कापडाने फिरवावे. यंत्राच्या चाकावर घाईने उजाळा देण्याचा मोह टाळावा, कारण मॅग्नेशियमची भुकटी ही दारूगोळ्याची सख्खी बहीण आहे. अखंड चाक सहजासहजी पेटत नाही. त्याला वितळण्याच्या सुमारास, म्हणजे ६५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावे लागते. परंतु त्याची पूड किंवा कीस एका ठिणगीने पेटतो आणि डोळे दिपविणारा पांढरा जाळ निघतो. ज्या सहाणेवर लोखंड घासले जाते, जेथे ठिणग्या उडतात, तेथे मॅग्नेशियम कधीही घासू नये. पूड जमिनीवर साचू देऊ नये. पाण्यात मिसळलेला गाळही घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नये. त्यातून हायड्रोजन सुटत राहतो व डबा फुटू शकतो.

आणि आग लागलीच तर पाणी हे औषध नाही. पेटलेले मॅग्नेशियम पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि मोकळा झालेला हायड्रोजन भडकतो. कार्बन डायॉक्साइडच्या नळकांड्यानेही ती विझत नाही, कारण हा धातू त्या वायूतही जळतो. धातूच्या आगीकरिता मिळणारी खास कोरडी भुकटी, आणि तिच्या अभावी लहान आगीवर अगदी कोरडी वाळू, एवढेच साधन. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत मर्सिडीज-बेंझची एक मोटार उसळून प्रेक्षकांवर गेली आणि ८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या मोटारीची काया मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तिच्या आगीवर पाणी मारले गेले तेव्हा ती अधिकच भडकली. कारखान्याच्या भिंतीशी कोरड्या वाळूची बादली ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ती नसल्याची किंमत मात्र फार मोठी असते.

उजळलेले मॅग्नेशियम थोड्याच दिवसांत करडे पडते. या दमट हवेत तर लवकरच. म्हणून उजाळा ज्या दिवशी पुरा झाला त्याच दिवशी त्याला पांघरूण घालावे. आधी स्पिरिटने पुसून बोटांचे तेल व घाम काढावा, आणि त्यानंतर चाकाला हातमोज्यांवाचून स्पर्श करू नये. पांघरुणाच्या दोन तऱ्हा आहेत. शोभेच्या चाकाला चांगल्या मेणाचे दोन पातळ थर, एकावर एक, घोटून लावावे. मृगापूर्वी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा ते नवे करावे. धावणाऱ्या चाकाला मात्र मेण पुरत नाही. त्याला मॅग्नेशियमकरिता योग्य असे एपॉक्सीचे अस्तर व वर रंगाचा थर हवा. नुसता पारदर्शक लेप दिसावयास सुंदर. पण खडा लागून टवका उडाला की ओल लेपाखाली शिरते आणि दोऱ्यासारख्या नागमोडी रेषांनी पसरत जाते. टवका दिसताच ती जागा कोरडी करून त्याच आठवड्यात झाकावी. गोंदिया हे नाव गोंद व लाख यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. लाखेचा स्पिरिटमधील पातळ लेप पितळेवर देऊन तिची झळाळी राखण्याची रीत जुनी आहे. तेव्हा धातूला हवेपासून झाकून वाचविणे ही कल्पना या गावाला परकी वाटू नये.

चाक मोटारीला बसविताना शेजाऱ्यांचा बंदोबस्त करावा. पोलादी बोल्टाखाली ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे वॉशर घालावे. ते दोन धातूंमध्ये मध्यस्थाचे काम करतात. टेकणाऱ्या जागांवर ग्रीस किंवा रक्षक लेप द्यावा, पण ग्राफाइट असलेले ग्रीस वापरू नये. ग्राफाइट म्हणजे टॉर्चच्या सेलमधील कोळशाच्या कांडीचाच भाऊबंद. पितळी व्हॉल्व्ह रबराच्या वेष्टनातूनच बसवावा. जुन्या ओतकामात सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून हवा झिरपते. म्हणून अशा चाकात ट्यूब घालणे श्रेयस्कर. चिखलातून, पावसातून मोटार परत आली की चाके त्याच दिवशी धुऊन पुसावी.

साठवणीचे नियम थोडे आहेत पण पाळण्यास चिकाटी लागते. चाक ओल्या फरशीवर किंवा उघड्या लोखंडी मांडणीवर ठेवू नये. रबराच्या जाड पट्टीवर आडवे ठेवावे. गोणपाटात, पेंढ्यात किंवा तुसात पुरू नये. ही तिन्ही ओल धरून ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत आवळून बांधू नये, कारण आत अडकलेली दमट हवा रात्री थंडावून थेंब धरते. सैल सुती कापड झाकावे, खेळती हवा ठेवावी, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा कापड उचलून पाहावे. पांढरा ठिपका मोहरीएवढा असताना दिसला तर पाच मिनिटांचे काम असते. तोच दसऱ्याला दिसला तर त्या जागी खड्डा झालेला असतो.

या सर्व विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे की, पितळेची सेवा घासण्यात आहे आणि मॅग्नेशियमची सेवा झाकण्यात आहे. पितळेचा हंडा वारंवार चोळल्याने पिढ्या टिकतो. मॅग्नेशियमचे चाक जितक्या वेळा चोळावे तितके थोडे थोडे संपते. म्हणून ते आयुष्यात शक्य तितक्या कमी वेळा उजळावे आणि शक्य तितक्या अधिक वेळा पुसावे. ज्याच्या घरी असे जुने चाक असेल त्याने आधी लिंबाच्या एका थेंबाने त्याची जात ओळखावी, मग रंगीत द्रवाने त्याचे बळ तपासावे, आणि त्यानंतरच पॉलिशच्या डबीला हात घालावा. हा क्रम उलटला तर चाक काही काळ चमकेल, पण ते चालविणाऱ्याचा भरवसा देता येणार नाही.